थेंबातील डीएनए : त्याचे माप आणि त्याची शुद्धता



गोदाकाठच्या या वसंतोत्सवात कोणत्या विषयावर बोलावे याला काही धरबंध नाही, ही इथल्या श्रोत्यांची उदारता आहे. इथे वेदान्तावर बोलणारे येतात, अर्थकारणावर बोलणारे येतात, इतिहासाचे अभ्यासक तर येतातच येतात. आम्ही आज एका थेंबाविषयी बोलणार आहोत. हा थेंब नितळ असतो, पाण्यासारखा असतो, त्याला रंग नाही, वास नाही. त्यात द्राक्षाच्या वेलीचे डीएनए आहे असे आम्ही म्हणतो. आता आपण साहजिकच विचारणार, आहे कशावरून? किती आहे? आणि त्यात दुसरे काही मिसळलेले नाही कशावरून? या तीन प्रश्नांचीच उत्तरे आज शोधायची आहेत.

विषय प्रयोगशाळेतला असला तरी त्याचे मूळ आपल्या दारातच सापडते. दुधाचा भाव वाढला की दुधात पाणी वाढते, हा अनुभव कोणत्या गृहिणीला नाही? पाणी पकडण्यासाठी लॅक्टोमीटर आला. काचेची ती नळी दुधात सोडायची आणि किती बुडते ते पाहायचे. पाणी घातलेले दूध पातळ, म्हणून नळी जास्त बुडते. पण लबाडी करणाराही शहाणाच असतो. त्याने आधी साय काढून घेतली. साय हलकी, ती गेल्यावर दूध थोडे जड झाले. मग त्याने बेताने पाणी ओतले. नळी पुन्हा आपल्या योग्य खुणेवर येऊन उभी राहिली! दोन खोट्या एकमेकींना झाकून गेल्या आणि यंत्राने खऱ्या दुधाचा दाखला दिला. यंत्र खोटे बोलले का? मुळीच नाही. त्याला विचारले होते जडपणाविषयी आणि त्याने जडपणाविषयीच सांगितले. दूध अस्सल आहे की नाही, हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. आजच्या व्याख्यानाचे सारे सार तिच्यात आहे.

आता आमच्या यंत्राकडे वळू. त्याचे नाव स्पेक्ट्रोफोटोमीटर. नाव लांबलचक आहे, पण फोड केली की भीती जाते. स्पेक्ट्रम म्हणजे वर्णपट, फोटो म्हणजे प्रकाश आणि मीटर म्हणजे मापक. पावसाळ्यात इंद्रधनुष्य दिसते, तसे प्रकाशाचे रंग वेगळे करायचे, त्यांतला एकच निवडायचा, तो द्रवातून पार करायचा आणि पलीकडे किती पोचला ते मोजायचे, एवढेच याचे काम. पण डीएनए आपल्या डोळ्यांना दिसणारा कोणताच रंग अडवीत नाही, म्हणून तर तो नितळ दिसतो. जांभळ्या रंगाच्या पलीकडे जे जंबुपार किरण आहेत, ज्यांना आता अतिनील म्हणतात, त्यांना मात्र तो अडवतो. डीएनएची जी चार अक्षरे, त्यांच्या रेणूंत अणूंची कडी असतात. ही कडी २६० नॅनोमीटर लांबीच्या लहरींच्या आसपास सर्वांत जास्त प्रकाश गिळतात. साधी काच हे किरण स्वतःच अडवते, म्हणून द्रव ठेवायची चौकोनी कुपी क्वार्ट्झची, म्हणजे स्फटिकाची लागते.

पार झालेल्या प्रकाशाचा हिशेब ठेवण्याची एक रीत आहे. दहावा हिस्सा पार झाला तर शोषण १ म्हणायचे. शंभरावा हिस्सा पार झाला तर २. दारावर एक पडदा लावला आणि दहावा हिस्सा उजेड आत आला, तर तसाच दुसरा पडदा लावल्यावर त्या दहाव्याचा दहावा येणार. पडदे दोन, शोषण दोन. द्रवातला पदार्थ दुप्पट केला की शोषण दुप्पट होते. बुगेर, लँबर्ट आणि बेअर या तीन युरोपीय शास्त्रज्ञांनी १७२९, १७६० आणि १८५२ या सालांत टप्प्याटप्प्याने बसवलेला हा नियम आहे, आणि आमची सगळी दुकानदारी त्याच्यावरच चालते.

अनुभवाने ठरलेला भाव असा : कुपी एक सेंटीमीटर रुंद असेल आणि शोषण १ भरले, तर एका मिलिलिटरात दुपदरी डीएनए ५० मायक्रोग्रॅम आहे असे समजावे. पदर सुटे असतील तर ३३, आणि डीएनएचा धाकटा भाऊ जो आरएनए, तो असेल तर ४०. उदाहरण घेऊ. मूळ द्रावणाचे १० मायक्रोलिटर घेतले आणि त्यात ४९० मायक्रोलिटर पातळ क्षारद्रावण मिसळले, म्हणजे ते ५० पट पातळ झाले. यंत्राने शोषण ०.२४ दाखवले. तर ०.२४ गुणिले ५० गुणिले ५०, म्हणजे मिलिलिटराला ६०० मायक्रोग्रॅम. शाळेतले त्रैराशिक, दुसरे काही नाही. पण मापण्यापूर्वी ते क्षारद्रावण नुसतेच कुपीत घालून यंत्राला दाखवावे लागते, आणि याला आम्ही ‘कोरे माप’ म्हणतो. किराणा दुकानदार भांडे आधी नुसते तोलून धडा करतो आणि मगच तेल घालतो, तशातला हा प्रकार.

हे काम पूर्वी फार जिकिरीचे होते. कॅलिफोर्नियात आर्नल्ड बेकमन यांच्या कंपनीने १९४१ साली ‘डीयू’ नावाचे यंत्र बाजारात आणले आणि जंबुपार किरणांचे मापन काही मिनिटांचे काम झाले. जीवनसत्त्वांच्या तपासणीसाठी त्याला मागणी आली आणि पुढे न्यूक्लिइक आम्लांच्या अभ्यासाने त्याला डोक्यावर घेतले. आता तर अशी यंत्रे निघाली आहेत की कुपीही नको. एक-दोन मायक्रोलिटर द्रव, म्हणजे पावसाच्या एका थेंबाचा अंश, यंत्राच्या लहानशा बैठकीवर ठेवायचा. वरची दांडी खाली येते, द्रव आपल्याच पृष्ठताणाने दोहोंमध्ये खांबासारखा उभा राहतो, प्रकाश त्यातून जातो आणि काही सेकंदांत पडद्यावर आकडे उमटतात.

त्या आकड्यांत एक आकडा विद्यार्थ्यांना फार प्रिय आहे. तो म्हणजे १.८. प्रथिने २८० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश गिळतात, कारण त्यांत ट्रिप्टोफॅन आणि टायरोसीन ही अमिनो आम्ले असतात. म्हणून २६० च्या शोषणाला २८० च्या शोषणाने भागायचे. भागाकार १.८ च्या जवळ आला तर डीएनए शुद्ध. २ च्या जवळ आला तर आरएनए. बराच खाली आला तर प्रथिने उरली आहेत, असा समज. प्रयोगवहीत १.८ लिहिताना विद्यार्थ्याचा चेहरा परीक्षेत पहिला आल्यासारखा फुलतो. आमचाही फुलत असे. तो कोमेजला कसा, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी आषाढात निफाड तालुक्यातील एक द्राक्ष बागाईतदार आमच्या प्रयोगशाळेत आले. नव्या बागेसाठी त्यांनी डॉगरीज जातीचे खुंट म्हणून रोपे विकत घेतली होती. आपल्याकडे क्षार आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणून या जंगली खुंटावर थॉमसनसारख्या जातीचे कलम बांधतात, हे इथे बसलेल्या बागाईतदारांना आम्ही सांगायला नको. त्यांना शंका अशी होती की काही रोपांचे पान वेगळे दिसते. कलमाचा हंगाम महिना-दीड महिन्यावर आला होता. खुंट चुकीचा निघाला तर ते कळायला दोन-तीन वर्षे जातात, आणि तोवर मांडव, तार, ठिबक, खत, मजुरी असा सगळा पैसा जमिनीत गेलेला असतो. डीएनएच्या ठराविक जागा ताडून जात ओळखता येते. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात भारतातील द्राक्षजातींवर असे काम झालेले आहे. थॉमसनच्याच वेलीवर उपजलेल्या सोनाका आणि तास-ए-गणेश यांच्यासारख्या सख्ख्या जाती या रीतीने वेगळ्या करणे फार कठीण, पण डॉगरीज ही वेगळ्याच कुळातली. तिची ओळख पटायला अडचण पडू नये. आम्ही मोठ्या उमेदीने होकार दिला.

पाने आणली, खलात वाटली, डीएनए काढले, यंत्रावर थेंब ठेवला. भागाकार १.८! मात्राही भरपूर. आम्ही पुढच्या कामाला लागलो. डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या लाखो प्रती काढण्याची जी पीसीआर नावाची क्रिया आहे, ती लावली. काही नाही. दुसऱ्यांदा लावली, तिसऱ्यांदा लावली, नळीत काही म्हणता काही उपजेना. आम्ही रसायने बदलली, तापमान बदलले, विद्यार्थ्यांवर रागावलो. तीन आठवडे गेले. बागाईतदार दर सोमवारी येत. एकदा शांतपणे म्हणाले, “आकडा चांगला आला म्हणता ना सर, मग घोडं अडलं कुठं?”

या प्रश्नाने आम्ही पुन्हा त्या यंत्राच्या कागदाकडे गेलो. आकड्यांवर तर आमची नजर आधीच गेली होती. आता पहिल्यांदाच आलेख पाहिला. शुद्ध डीएनएचा आलेख २६० वर टेकडीसारखा चढतो आणि २३० च्या आसपास दरीत उतरतो. आमच्या आलेखात दरी नव्हतीच. तिथे उलट कडा उभा होता. २६० ला २३० ने भागले तर उत्तर २ ते २.२ यायला हवे. आमचे एकाच्याही खाली होते. हा आकडा कागदावर पहिल्या दिवसापासून छापलेला होता. आम्ही १.८ पाहिले आणि समाधानाने डोळे मिटले.

दोष द्राक्षाच्या पानाचा होता, आणि त्याहून जास्त आमचा. द्राक्षाचे पान म्हणजे टॅनिन आणि तत्सम पदार्थांचे कोठार. कापलेले सफरचंद तपकिरी पडते, तसे हे पदार्थ हवेशी मिळून डीएनएला चिकटून बसतात. शिवाय चिकट शर्करा असतातच. हे दोन्ही पीसीआरचा गळा दाबतात. आम्ही जून पाने घेतली होती. मग शेंड्याची कोवळी पाने सकाळी खुडून बर्फात आणली. सीटॅब नावाच्या द्रावणात मीठ जास्त घातले, टॅनिन धरून ठेवणारे पीव्हीपी घातले. द्राक्षासाठी ही युक्ती १९९४ सालीच प्रसिद्ध झालेली आहे. वाचली असती तर तीन आठवडे वाचले असते. या वेळी डीएनएची मात्रा पहिल्यापेक्षा निम्मीसुद्धा भरली नाही, पण पहिल्याच खेपेला काम झाले. तपासलेल्या रोपांपैकी काही डॉगरीज नव्हती. ती त्यांनी कलमाआधी उपटली. हंगाम थोडक्यात हाती लागला.

मात्रा निम्म्याहून कमी का भरली, हा प्रश्न आपल्या मनात आलाच असेल. त्याचे उत्तर या विषयाच्या गाभ्याशी नेते.

१.८ हा भागाकार मुळात निघाला कुठून? बर्लिनमध्ये ओटो वारबुर्ग आणि वाल्टर क्रिस्टियन यांनी १९४१-४२ च्या सुमारास तो वापरला. ते डीएनए मोजत नव्हते. ते एनोलेज नावाचे एक प्रथिन शुद्ध करीत होते आणि त्यात न्यूक्लिइक आम्लाची घाण किती उरली ते त्यांना पाहायचे होते. पुढच्या पिढ्यांनी ती कसोटी उलटी केली. प्रथिनातले न्यूक्लिइक आम्ल शोधण्याच्या मापाने त्या डीएनएतले प्रथिन शोधू लागल्या. उलटे केलेले माप तितकेच चालते का, ते आपण इथेच गणित मांडून पाहू.

एका मिलिलिटरात एक मिलिग्रॅम डीएनए असेल, तर २६० वर शोषण २० येते आणि २८० वर सुमारे ११. भागाकार १.८२. तेवढेच साधारण प्रथिन असेल, तर २६० वर ०.६ आणि २८० वर १. भागाकार ०.६. म्हणजे प्रकाश गिळण्यात डीएनए हा पैलवान आणि प्रथिन हे पोर. आता वारबुर्ग यांचा प्रश्न घ्या. प्रथिनाच्या ९५ भागांत ५ भाग न्यूक्लिइक आम्ल मिसळले, तर भागाकार ०.६ वरून एकदम १.०५ वर उडी मारतो. पैलवान घरात शिरला की लगेच कळते! कसोटी उत्तम. आता आपला प्रश्न घ्या. ९० भाग डीएनएत १० भाग प्रथिन मिसळले, तर भागाकार १.८१. फरक जवळजवळ नाहीच. निम्मे डीएनए आणि निम्मे प्रथिन घेतले, तरी १.७२! निम्मा माल भेसळीचा असूनही प्रयोगवहीत ‘ठीक’ असा शेरा पडेल. पैलवानाच्या मागे पोर उभे राहिले तर दिसणार कसे?

आणि आता सायीची गोष्ट आठवा. शंभर भागांत ३० भाग डीएनए, ३० भाग आरएनए आणि ४० भाग प्रथिन असे मिश्रण करा. आरएनए भागाकार वर ढकलतो, प्रथिन खाली ओढते. उत्तर येते १.८४. डीएनए तिसऱ्या हिश्शाहूनही कमी, आणि आकडा शुद्ध सोन्याचा! शिवाय आरएनएही २६० वर प्रकाश गिळत असल्याने यंत्र डीएनएची मात्रा खऱ्याच्या दुपटीहून अधिक सांगते. आमची पहिली ‘भरपूर’ मात्रा अशीच फुगलेली होती.

एवढ्याने भागत नाही. कुपीतले पाणी हवेतला कर्बवायू शोषून किंचित आम्ल होते. आम्ल पाण्यात तेच डीएनए मोजले तर भागाकार ०.२ ते ०.३ ने खाली येतो. डीएनएत काही बिघडलेले नसते, फक्त पाणी बदललेले असते.

आपण म्हणाल, थोड्याशा प्रथिनाने एवढे काय बिघडते? विज्ञानाच्या इतिहासात त्या थोड्याशा प्रथिनावरून मोठे रण माजले होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत एव्हरी, मॅक्लाऊड आणि मॅकार्टी यांनी १९४४ साली दाखवले की न्यूमोनियाच्या निरुपद्रवी जंतूला घातक करणारा, म्हणजे अनुवंशाचे गुण वाहून नेणारा पदार्थ डीएनए आहे. त्या काळी बहुतेकांचा कौल प्रथिनांच्या बाजूने होता. त्याच संस्थेतील आल्फ्रेड मर्स्की यांनी हरकत घेतली : तुमच्या डीएनएत शेकडा एक-दोन भाग प्रथिन उरलेले असेल, आणि गुण त्याचाच असेल! हरकत रास्त होती. जंबुपार प्रकाशाची साक्ष एव्हरींनीही काढली होती. पण शेकडा एक-दोनाचा निवाडा करण्याची तिची शक्तीच नव्हती. मग त्यांनी काय केले होते? त्यांनी निराळे साक्षीदार आणले होते. प्रथिने पचवून टाकणारे पाचक रस डीएनएवर सोडले, गुण तसाच राहिला. आरएनए तोडणारा रस सोडला, तरी तसाच राहिला. पुढे १९४६ साली मॅकार्टी यांनी फक्त डीएनए तोडणारा शुद्ध रस वापरला, आणि गुण नाहीसा झाला. एकाच साक्षीदाराला पुन्हापुन्हा तोच प्रश्न विचारून खटला जिंकता येत नाही. एव्हरींच्या लेखाने प्रभावित होऊन एर्विन शारगाफ डीएनएकडे वळले. कागदावर अक्षरे वेगळी करून त्यांनी ती जंबुपार प्रकाशाने मोजली आणि ए बरोबर टी, जी बरोबर सी हे प्रमाण दाखवून दिले. १९५३ साली डीएनएचा दुहेरी गोफ उलगडला, त्यात या प्रमाणाचा मोठा वाटा आहे. यंत्र तेच आहे, पण प्रश्न नेमका असेल तर ते इतके मोठे उत्तर देते.

मग आमच्या थेंबाचे काय करावे? आमचा रिवाज आता असा आहे. आधी आलेख पाहावा, आकडे नंतर. २६०, २८०, २३० या तिन्ही ठिकाणी पाहावे आणि ३२० वरही पाहावे. तिथे डीएनए काहीच गिळत नाही, म्हणून तिथे शोषण दिसले तर द्रव गढूळ आहे असे समजावे. आरएनए तोडणारा रस आधीच घालून घ्यावा. फक्त दुपदरी डीएनएला चिकटून चमकणारी रंगद्रव्ये मिळतात, त्यांनी मात्रा पुन्हा मोजावी. डीएनए अखंड आहे की चिंध्या झाल्या आहेत हे प्रकाशाला सांगता येत नाही, चिंध्याही तेवढाच प्रकाश गिळतात. म्हणून जेलीच्या वडीतून विजेच्या जोरावर धाववून पाहावे. डीएनए कोणाचे, हेही प्रकाशाला कळत नाही. तोंडातल्या लाळेच्या नमुन्यात माणसाबरोबर जंतूंचेही डीएनए असते. म्हणून न्यायालयाच्या कामासाठी माणसाचे डीएनए तेवढे वेगळे मोजणारी दुसरी रीत वापरतात.

मग हे यंत्र टाकून द्यावे काय? असे कोणी समजू नये. स्वस्त, झटपट, आणि थेंबभर नमुन्यात एवढे सांगणारे दुसरे साधन नाही. खोट आढळली तर ती बहुधा खरीच असते, असा त्याचा लौकिक आहे. खोट आढळली नाही, म्हणजे ती नाही, एवढाच अर्थ मात्र त्याच्या तोंडी घालू नये. सराफ कसोटीवर सोने घासतो तेव्हा त्याला वरच्या थराची साक्ष मिळते. आत तांबे आहे का, हे पाहायला तो दागिना कापतो.

हल्ली आपणा सर्वांच्या हाती आकड्यांचे कागद येतात. रक्ताचे, मातीचे, पाण्याचे, द्राक्षाच्या परदेशी मालाचे. कागद हाती आला की आपण एकच पाहतो, आकडा चौकटीत बसला की नाही. त्याच्या आधी एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी : हे माप मूळ कशासाठी निघाले आणि आपण त्याला काय विचारतो आहोत? आम्ही शास्त्र शिकवण्यात उमर घालवली, पण हा प्रश्न आमच्याकडून विचारून घेतला तो निफाडच्या एका बागाईतदाराने. त्यांच्या बागेत कलमे चढली आहेत. दर वर्षी एक पेटी द्राक्षे येते. त्या पेटीकडे पाहिले की आम्हाला ते तीन आठवडे आठवतात आणि विद्यार्थ्याने १.८ हा आकडा आनंदाने पुढे केला की आम्ही त्याला म्हणतो, “छान. आता आलेख दाखव.”